माझ्या पाठीवरचे दोन ठिपके

गेली पंधरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझी पाठ कॉलेजात जाते, आणि तिच्याबरोबर मी. टेकडीवरच्या त्या विटांच्या इमारतीत पोरंपोरी कायरोप्रॅक्टर व्हायला येतात, म्हणजे नुसत्या हातांनी पाठीचा कणा ताळ्यावर आणणारे डॉक्टर. हॉस्पिटलातले डॉक्टर त्यांना डॉक्टर म्हणत नाहीत. पण स्वतःची कंबर धरली की तेच गुपचूप मागच्या दाराने टेकडीवर येतात. मी पाहिलेत.

पुस्तकातून मणक्यांची नावं कळतात, बोटांना मात्र खरी पाठ लागते. ती मी देतो. नदीवरच्या लॉकवर, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या हौदावर, मी एकतीस वर्षं दरवाजे उघडले आणि मिटले, मालाचे बार्ज वर चढवले आणि खाली उतरवले. निवृत्त झाल्यावर खिडकीत बसून तेच बार्ज मोजण्यापेक्षा हे बरं. शर्ट काढायचा, टेबलावर पालथं पडायचं, तोंड टेबलाच्या टोकाच्या भोकात घालायचं आणि फरशी बघत राहायचं. पोरं मला आजोबा म्हणतात. अर्ध्या आयोवा राज्यातल्या कायरोप्रॅक्टरांनी आयुष्यात पहिला मणका चाचपला तो या मर्ल फॉसचा, हे मी कुणालाही, त्याने न विचारता, सांगतो.

पण आज सांगायचंय ते डोरीनबद्दल.

डोरीन हॉप्ट कॉलेजात आली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. वर्गातली बाकीची पोरं बाविशीतली, निम्म्यांच्या तोंडावर अजून मुरमं. ही रुंद खांद्यांची, लाल हातांची बाई त्यांच्यात बसली की बघणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी आई डबा द्यायला आलीय. त्याआधी सोळा वर्षं ती टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात होती. मांसापासून हाड सोडवायचं काम. बर्फासारख्या गारठ्यात पट्ट्यावरून पक्षी सरकत यायचे, आणि डोळ्यांनी बघायला वेळच नसायचा, सगळं बोटांनी. एक दिवस तिची कंबर अशी धरली की दोन बायांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. तिच्या गावातल्या म्हाताऱ्या कायरोप्रॅक्टरने तिला तीन आठवड्यांत चालतं केलं. चौथ्या आठवड्यात तिने त्याला विचारलं, हे शिकायला काय लागतं. तो म्हणाला, "हात, आणि सहा वर्षं." ती म्हणाली, "हात आहेत." दोन वर्षं तिने गावाजवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र, जीवशास्त्र असले विषय काढले, मग कारखाना सोडला आणि आमच्या गावात येऊन माझ्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला लागली.

तिचे वडील डुकरं पाळायचे. दर रविवारी चर्चहून आले की त्यांचा फोन. फोन स्वयंपाकघरातच असल्यामुळे मला ऐकावंच लागायचं, आणि म्हाताऱ्याचा आवाज शेताच्या पलीकडून हाक मारल्यासारखा.

"काय गं, मोडली का कुणाची हाडं?"

"अजून नाही, बाबा."

"ख्रिसमसपर्यंत येशील ना परत? तुझी खोली तशीच ठेवलीय."

ते टोचून बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांना खरंच वाटत होतं की पोरगी दमून परत येईल आणि तिला उबदार खोली लागेल. डोरीन फोन ठेवायची आणि बटाटे सोलायला घ्यायची.

पहिल्या दिवशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवण्याआधी कॉफीचा गरम कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "हात गार आहेत हं, मर्ल," ती म्हणाली, "सोळा वर्षांत गेलेली ऊब आहे, एका कपात यायची नाही." मग तिने बोटं टेकवली. आता मला पाठीचं शास्त्र कळत नाही, पण हातांचं कळतं. काही पोरं दार ठोठावल्यासारखी बोटं लावतात, काही चोरासारखी. हिची बोटं सरळ आत आली, थांबली आणि ऐकत बसली. मी फरशीला म्हणालो, ही बाई शिकणार.

त्या कॉलेजात बोटं तयार करायची जुनी रीत आहे. फोनच्या जाड डिरेक्टरीत एका पानाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि वरून बोट फिरवून तो शोधायचा. सापडला की दोन पानांखाली, मग तीन. डोरीन रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे करायची. "केस तुझाच आण," मी पहिल्या दिवशीच सांगितलं, "माझ्याकडे मागू नकोस." वर्गातल्या पोरांची मजल आठ-नऊ पानांपर्यंत. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, हिने सतरा पानांखालचा केस शोधला. मी पान उलटून बघितलं, नखाखालीच होता. मी ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं, पोस्टमनला दोनदा.

डिसेंबरात हातांची परीक्षा असते. ती डॉक्टर लुंडक्विस्ट घेतात. उंच, सुकलेला माणूस, तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. चाळीस वर्षं ते एकच वाट शिकवत होते, आणि पोरं तिला लुंडक्विस्टची वाट म्हणायची: कमरेच्या हाडाची कड दोन्ही बाजूंनी गाठा, तिच्या रेषेत येतो तो कमरेचा चौथा मणका, तिथून वर मोजत जा. माणसाला कमरेचे मणके पाच. पाठ देणारे आम्ही सहा जण, आणि प्रत्येकाचं एक कार्ड लुंडक्विस्टांच्या कपाटात. माझं कार्ड त्यांनी डोरीन येण्याच्या अकरा वर्षं आधी, माझ्या पहिल्याच दिवशी, स्वतः माझी पाठ चाचपून लिहिलं होतं. मी ते एकदा चोरून वाचलंय. "कणा सरळ. कमरेचे पाच. काही विशेष नाही." ते शेवटचं वाक्य मला तेव्हापासून सलत होतं.

परीक्षेचा नियम सोपा. चिठ्ठीत एका मणक्याचं नाव येतं. चार मिनिटांत तो बोटांनी शोधायचा आणि निळ्या पेन्सिलीने त्यावर एक ठिपका द्यायचा. चुकलात तर आठवड्याने पुन्हा एकदा, त्याच पाठीवर, म्हणजे पाठीला दोष देता येत नाही. दुसऱ्यांदा चुकलात तर नाव कमी. बाविशीतलं पोर दुसरं काहीतरी शिकायला जातं. एकेचाळिसाव्या वर्षी टर्कीच्या कारखान्याशिवाय दुसरं काय असतं, हे डोरीनला माहीत होतं आणि मलाही.

तिला चिठ्ठी आली: कमरेचा तिसरा. अकरा वर्षांत तो माझ्यावर निदान शंभर जणांनी शोधला असेल, झोपेत असतानासुद्धा मला कळतं ठिपका कुठे येणार. तिची बोटं कमरेच्या कडेवरून आली, एक मणका वर चढली आणि बरोब्बर तिथे थांबली. झालं, मी म्हणालो मनात. पण पेन्सिल टेकली नाही. बोटं वर गेली, शेवटची बरगडी जिथे कण्याला मिळते तिथे, आणि तिथून खाली मोजत आली. एक, दोन, तीन. आणि वेगळ्याच ठिकाणी थांबली. मग पुन्हा खालून. पुन्हा वरून. मग थेट मानेपासून सगळा कणा. घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. शेवटी पेन्सिलीचं गार टोक टेकलं. आणि मग दुसऱ्यांदा टेकलं, एक मणका वर.

"मिस हॉप्ट," लुंडक्विस्ट म्हणाले, "तिसरे मणके माणसाला किती असतात?"

"एक, डॉक्टर."

"मग ठिपके दोन का?"

"खालून मोजलं की तिसरा इथे येतो. वरून मोजलं की इथे. दोन्हीकडून चार-चारदा मोजलं. मला वाटतं, मर्लना कमरेचा एक मणका जास्त आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लुंडक्विस्ट हसले नाहीत. "या पाठीवर मी अकरा वर्षं परीक्षा घेतोय."

"हो, डॉक्टर."

"पुढच्या शुक्रवारी. एक ठिपका."

घरी आल्यावर मी जेवायला पोर्क चॉप तळले, कारण वाईट दिवशी दुसरं काय करायचं असतं. ती समोर बसून काट्याने वाटाणे इकडचे तिकडे करत होती.

"पोरी, त्याला कुठला ठिपका हवाय ते तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"खालचा."

"मग दे की खालचा. आजवर शंभर जणांनी दिला. मी काय मेलो?"

"शंभर जणांनी खालूनच मोजलं, मर्ल. त्यांना तसंच शिकवलं होतं."

"आणि तू लागलीस अकलेचे तारे तोडायला. एक ठिपका टेकव, पास हो, मग आयुष्यभर माझे मणके मोजत बस. मी कुठे पळून चाललोय?"

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. "तुम्ही लॉकवर पाण्याची पातळी लिहायचात ना?"

"रोज. दर तासाला."

"पट्टी नऊ दाखवतेय आणि साहेब वरून ओरडतोय, दहा लिही. काय लिहिलं असतंत?"

"मी त्याला कॉलर धरून खाली आणला असता आणि पट्टी दाखवली असती."

हे बोललो आणि माझंच मला कळलं, मी काय बोललो ते. तिलाही कळलं. ती उठली आणि बशा धुवायला लागली. एक्स-रे काढा असं तिने म्हटलं नाही, म्हटलं असतं तर मी कदाचित नाहीच म्हणालो असतो.

गोष्ट अशी होती की माझ्या पाठीचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता. कॉलेजवाले दर सप्टेंबरला विचारायचे आणि मी दर सप्टेंबरला नकाराच्या कागदावर सही करायचो. आयलीन, माझी बायको, खोकला जात नाही म्हणून एक्स-रे काढायला गेली होती. चालत, निळी हॅट घालून. चित्र उजेडाच्या पेटीवर लावलं आणि ते लावणाऱ्या बाईचा चेहरा बघूनच मला सगळं समजलं. चौदा आठवड्यांनी मी या घरात एकटा होतो. चित्राने तिला मारलं नाही, हे मला कळतं, मी खुळा नाही. पण त्या पेटीसमोर मी पुन्हा उभा राहणार नव्हतो.

तो आठवडा मी घरात भांडतच होतो, स्वतःशी आणि दिसेल त्याच्याशी. एका सकाळी आरशाकडे पाठ करून लाकडी पळीच्या दांड्याने स्वतःचे मणके मोजायचा प्रयत्न केला. एकदा चार भरले, एकदा नऊ. डोरीन जिन्यावरून उतरत होती. तिने बघितलं, म्हणाली, "खाजतंय का?" आणि कॉलेजात गेली. रविवारी तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा तिने परीक्षेचं सांगितलं. मग म्हातारा म्हणाला, "खोलीत हीटर लावून ठेवतो." ते ऐकून मला राग आला. तिचा नव्हे, म्हाताऱ्याचाही नव्हे. माझा.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी कॉलेजच्या तळघरातल्या एक्स-रेच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथली बाई मला अकरा वर्षं ओळखत होती.

"मर्ल, वाट चुकलात?"

"बोलू नकोस. काढ."

तिने काढलं. मी भिंतीकडे तोंड करून शर्ट घातला. तिच्या चेहऱ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. ती म्हणाली, "बघा तरी." मी म्हणालो, "पाकिटात घाल." पाकीट शर्टाखाली दाबून मी वर गेलो, परीक्षेच्या खोलीत शर्ट काढला, त्याची घडी पाकिटावर ठेवली आणि पालथा पडलो. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. पाच असते तर मीच तिला बुडवणार होतो.

डोरीन आली. हात गरम होते, म्हणजे कॉफी घेऊन आली होती. तीच चिठ्ठी, तोच मणका. बोटं खालून आली, थांबली. वरून आली, थांबली. या वेळी तिला चार मिनिटं लागलीच नाहीत. पेन्सिल खाली टेकली. आता बस, मी फरशीला सांगत होतो, एकच, पोरी, एकच राहू दे. खोटं कशाला बोलू, पाकीट आणूनही मी तेच म्हणत होतो.

दुसरा ठिपका टेकला.

आणि मला एवढा अभिमान वाटला की माझी पाठच हलली असेल. तिच्या हातात पेन्सिल होती, दार उघडं होतं, एक ठिपका कमी दिला की आत. तरी तिने बोटांना जे लागलं तेच लिहिलं. लुंडक्विस्टांनी दीर्घ श्वास सोडला. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज मी ओळखतो.

"डॉक्टर, लिहू नका," मी भोकातूनच म्हणालो. "माझ्या शर्टाखाली पाकीट आहे."

पाकीट फाटलं. भिंतीवरची उजेडाची पेटी चुरचुरत लागली. मला फक्त फरशी दिसत होती आणि लुंडक्विस्टांचे बूट, ते पेटीसमोर जाऊन उभे राहिले. पेन्सिलीचं टोक काचेवर टकटक करत खाली येताना ऐकू आलं. मी टकटक मोजली. ते थांबले, पुन्हा वरून सुरू केलं. पेपरमिंटची गोळी कडकन चावल्याचं ऐकू आलं.

"सहा," ते म्हणाले.

मग त्यांनी पेटीचा उजेड बंद केला. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करणार. बूट माझ्या टेबलाशी आले. "मिस हॉप्ट, मी डोळे मिटतो," ते म्हणाले, "तुम्हाला कुठे लागला ते दाखवा."

चाळीस वर्षं शिकवत आलेला तो हात डोरीनने मनगटाला धरला आणि माझ्या पाठीवर ठेवला. शेवटच्या बरगडीपाशी. एक एक मणका ती त्याला खाली आणत गेली, तिचं बोट त्याच्या बोटावर. दोघांची बोटं सहाव्यापाशी थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"आता लागला," ते म्हणाले. "मला अकरा वर्षं लागला नाही."

"तुम्ही खालून येत होतात, डॉक्टर."

"हो," ते म्हणाले. "खालूनच येत होतो."

कपाट उघडलं, माझं कार्ड निघालं. मी तोवर उठून बसलो होतो, हे बघितल्याशिवाय राहणार नव्हतो. त्यांनी स्वतःच्या अक्षरातलं "पाच" खोडलं, "सहा" लिहिलं. मग थोडं थांबून "काही विशेष नाही" यावरही रेघ मारली. ती रेघ मी दोनदा बघून घेतली. कार्डाखाली मोजणाऱ्याने सही करायची असते. त्यांनी पेन डोरीनच्या हातात दिलं.

"पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी सही करते का?" ती म्हणाली.

"ज्याने मोजलं, तो करतो."

तिने सही केली. बाहेर आल्यावर ती आधी फोनकडे गेली. मी कोट घालत होतो, तेवढंच ऐकू आलं: "बाबा, हीटर बंद करा."

त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "बघायचंय?" मी नाही म्हणणार होतो. पण तिने चित्र काढून खिडकीच्या काचेला धरलं आणि माझं बोट उचलून त्यावर ठेवलं, सकाळी लुंडक्विस्टांचं ठेवलं होतं तसं. आयलीननंतर मी पहिल्यांदा असलं चित्र उजेडात बघत होतो. माझ्या बोटाखाली पांढरे ठोकळे होते, एकावर एक नीट रचलेले. कुणाचा चेहरा बघून काही कळून घ्यायचं नव्हतं. नुसतं मोजायचं होतं.

आता ती डॉक्टर हॉप्ट आहे. तिच्या गावात न्हाव्याचं जुनं दुकान होतं तिथे तिचा दवाखाना, आणि तिचा पहिला पेशंट तिचा बाप. टेबलावर पडताना म्हातारा म्हणाला म्हणे, "मोड आता," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. इकडे कॉलेजात दर सप्टेंबरला नवी पोरं येतात आणि लुंडक्विस्ट त्यांना माझ्या पाठीवर दोन्ही वाटांनी मोजायला लावतात. सहावा कुणी शोधला ते त्यांना मीच सांगतो, सविस्तर, त्यांना घाई असली तरी.

चित्र अजून खिडकीला चिकटवलेलं आहे. सकाळी नदीवरून ऊन येतं तेव्हा मी कॉफी ओततो आणि वरून खाली मोजतो, शेवटच्या बरगडीपासून. रोज सहाच भरतात.